खाचेतला आवाज

६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग या लहानशा गावात एक कारखाना जळून गेला. अपोलो मास्टर्स हे त्याचं नाव. गावाबाहेर ते ठाऊक असलेली माणसं मोजकीच, पण जी होती त्यांची झोप उडाली. ग्रामोफोनची रेकॉर्ड छापायची तर आधी एका तबकडीवर गाण्याची खाच कोरावी लागते. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा गुळगुळीत थर दिलेली ही कोरी तबकडी तेव्हा जगात दोनच ठिकाणी तयार होत होती. एक बॅनिंगला, दुसरं जपानमधल्या एमडीसी नावाच्या छोट्या कंपनीत. त्या दिवसानंतर साऱ्या जगाची भिस्त एकट्या जपानी कारखान्यावर आली.

रेकॉर्डच्या धंद्याचं इतकं काय अडलं होतं, असा प्रश्न कुणालाही पडेल. आज खिशातल्या फोनवर दहा कोटींहून जास्त गाणी हजर असतात. महिन्याला थोडे पैसे भरले की झालं, आणि जाहिराती सोसायची तयारी असेल तर तेही नकोत. तरीही २०२२ साली एकट्या अमेरिकेत ४ कोटी १० लाख रेकॉर्डी विकल्या गेल्या आणि सीडी विकल्या गेल्या ३ कोटी ३० लाख. संख्येत रेकॉर्डनं सीडीला मागे टाकावं, हे १९८७ नंतर पहिल्यांदाच घडलं. याच देशात २००६ साली रेकॉर्डींची विक्री दहा लाखांच्याही आत आली होती. दुकानदार उरलेला माल रद्दीच्या भावात काढत होते, कारखान्यांतली छापयंत्रं भंगारात गेली होती. म्हणजे हा धंदा नुसता मंदावला नव्हता, तो मोडीत निघाला होता. मोडीत निघालेली वस्तू लोकांनी पुन्हा वर काढली, आणि काढणाऱ्यांत पंचविशीतली मुलंमुली पुष्कळ होती. त्यांनी लहानपणी घरात रेकॉर्ड पाहिलेलीच नव्हती. त्यामुळे ‘जुन्या आठवणी’ हे उत्तर इथे पुरत नाही.

सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर असं: रेकॉर्डचा आवाज चांगला असतो, उबदार असतो, डिजिटल आवाज कोरडा. हे उत्तर नीट तपासून घ्यायला हवं, कारण त्यात अर्धंच तथ्य आहे.

सीडीवर आवाज साठवताना सेकंदाला ४४,१०० वेळा त्याची उंची मोजून आकड्यांत लिहून ठेवतात. पुष्कळांची समजूत अशी की या मोजण्यांच्या मधला आवाज हरवतो आणि लहरीच्या पायऱ्या होतात. तसं होत नाही. ज्या कंपनाची मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त वेगानं केली आहे, ते कंपन त्या आकड्यांतून पुरतं परत मिळतं, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. माणसाचा कान फार तर सेकंदाला वीस हजार कंपनं ऐकतो. म्हणजे आपल्या कानापुरतं सीडीवर काही हरवत नाही. अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज यांतलं अंतर सीडी सुमारे ९६ डेसिबलपर्यंत पेलते. रेकॉर्ड साठ-सत्तरच्या आसपास थकते, कारण खालून सुईची खरखर वर येते. मोजमापाच्या कुठल्याही तराजूत सीडीचंच पारडं जड आहे.

मग अर्धं तथ्य कशात? नव्वदच्या दशकापासून सीडीवरची गाणी एकमेकांपेक्षा मोठ्यानं वाजावीत अशी चढाओढ लागली. त्यासाठी गाण्यातले हळू भाग वर खेचून सगळं एकाच उंचीवर आणलं गेलं. रेकॉर्डच्या खाचेला हा मारा सोसत नाही. त्यामुळे रेकॉर्डसाठी तेच गाणं जास्त मोकळं, श्वास घेणारं तयार करावं लागे. ऐकणाऱ्याला फरक खरंच जाणवला, पण तो त्या प्रतीमागच्या माणसाच्या कानाचा आणि निवडीचा फरक होता. २०२२ च्या उन्हाळ्यात हे आणखी स्पष्ट झालं. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या रेकॉर्डींसाठी प्रसिद्ध. तिच्या अनेक रेकॉर्डींमध्ये दहाएक वर्षांपासून मधला एक टप्पा डिजिटल होता, हे तेव्हा उघड झालं. अस्सल जुन्या आवाजाचा नमुना म्हणून याच रेकॉर्डी जाणकारांनी वाखाणल्या होत्या. कुणाच्याही कानाला संशय आला नव्हता.

तेव्हा आवाजाच्या श्रेष्ठतेचा मुद्दा मी बाजूला ठेवतो. माझ्या मते रेकॉर्डची खरी ओढ दुसरीकडे आहे, आणि ती समजायला एक सोपा प्रयोग पुरतो. चरे पडलेली, टाकून द्यायच्या लायकीची एखादी एलपी घ्या. साध्या कागदाचा शंकू करून त्याच्या टोकातून एक टाचणी तिरकी खोचा. रेकॉर्ड फिरवत ठेवा आणि शंकू अलगद धरून टाचणीचं टोक खाचेत टेकवा. कागद गाऊ लागतो. आवाज बारीक असतो, चिरका असतो, पण शब्द कळतात, चाल कळते, गाणारी बाई की पुरुष तेही कळतं. वीज नाही, स्पीकर नाही, चिप नाही. ज्यानं हे एकदा केलं त्याला ग्रामोफोन समजावून सांगावा लागत नाही. (या प्रयोगात रेकॉर्डचं वाटोळं होतं, म्हणून चांगल्या रेकॉर्डवर तो कधीही करू नये.)

हवेत जशी कंपनं झाली तशीच वळणं त्या खाचेला दिलेली असतात. खाच केसाच्या जाडीएवढी असते. बैलगाडीचं चाक चाकोरीतून जावं तशी सुई तिच्यातून जाते, आणि चाकोरी जिथे डावी-उजवीकडे वळते तिथे सुईही हलते. ते हलणं म्हणजेच आवाज. एलपीच्या एका बाजूवर अशी एकच अखंड खाच असते. बावीस मिनिटांच्या बाजूवर ती सातशेहून अधिक वेढे घेते, आणि उलगडली तर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भरेल. भिंग लावून पाहिलं तर तबल्याच्या थापेला खाच एकदम फेंगडी झालेली दिसते आणि शांत आलापात जवळजवळ सरळ. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये या खाचेच्या दोन भिंती पंचेचाळीस अंशांत कललेल्या असतात. एका भिंतीवर डाव्या कानाचा आवाज, दुसरीवर उजव्या. एकच सुई दोन्ही वाचते. ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्यानं १९३१ साली ही युक्ती पेटंटच्या अर्जात मांडली. बाजारात स्टिरिओ रेकॉर्ड यायला १९५८ उजाडलं. ब्लूमलाइन तोवर हयात नव्हता.

आवाजाची अशी रेघ उमटवायची कल्पना एडिसनच्याही आधीची आहे. पॅरिसमध्ये एदुआर-लेओं स्कॉट या गृहस्थानं १८५७ साली एका यंत्राचं पेटंट घेतलं. काजळी धरलेल्या कागदावर बोलण्याच्या कंपनांची नागमोडी रेघ ओढणारं ते यंत्र होतं. आवाज डोळ्यांनी वाचता यावा एवढाच त्याचा हेतू. तो परत ऐकायचा असं स्कॉटच्या मनातही नव्हतं. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १८६० चा असा एक कागद स्कॅन केला, रेघेचं संगणकाकडून कंपनांत रूपांतर केलं, आणि एका फ्रेंच लोकगीताची ओळ ऐकू आली. आधी सर्वांना ती एखाद्या मुलीची वाटली. वेगाचा हिशेब पुन्हा तपासल्यावर समजलं की वेग दुप्पट धरला गेला होता. गाणारा पुरुष होता, सावकाश गात होता, आणि बहुधा तो स्कॉट स्वतःच. दीडशे वर्षांत कुणीही न ऐकलेला आवाज काजळीत तसाच बसून होता. तो परत मिळवायला स्कॉटची कुठलीही किल्ली, कुठला संकेत लागला नाही. रेघ होती, तेवढं पुरलं.

आजच्या फोनमधल्या गाण्याचं असं नाही. तिथे गाणं आकड्यांत आहे, आकडे आकुंचित केलेले आहेत, त्यांना कुलूप आहे, कुलपाची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर आहे. प्रत्येक टप्पा हुशारीनं रचलेला आणि उपयोगी आहे. पण गाणं कुठे आहे असं विचारलं तर बोट ठेवायला जागा सापडत नाही. रेकॉर्डवर बोट ठेवता येतं. तिसरं गाणं कुठे सुरू होतं ते उजेडात धरल्यावर दिसतं. एखादं उपकरण काय करतं आहे हे आपल्या डोळ्यांना आणि हातांना कळणं, हा फार मोठा आनंद आहे. आपल्या घरातल्या बहुतेक वस्तूंनी तो गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्यापासून काढून घेतला आहे. यांत्रिक घड्याळ, फाउंटन पेन, फिल्मचा कॅमेरा, सायकल यांच्याकडे तरुण माणसं परत वळतात त्यामागे मला हीच भूक दिसते.

हा आनंद अवकाशातही पोचला आहे. १९७७ साली नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं सूर्यमालेबाहेर जाण्याच्या वाटेवर सोडली. त्या काळातली ती सर्वांत प्रगत यंत्रं. परक्या कुणाला भेटलीच तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून त्यांच्याबरोबर निरोप पाठवायचं ठरलं, तेव्हा कार्ल सेगन यांच्या समितीनं ग्रामोफोन रेकॉर्ड निवडली. बारा इंची, तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, मिनिटाला १६⅔ फेरे घेणारी. सोबत सुई दिली आणि ती कशी टेकवायची, तबकडी किती वेगानं फिरवायची, हे वेष्टणावर चित्रांत कोरलं. वाचणारा कोण असेल, त्याची यंत्रं कशी असतील, काही ठाऊक नसताना निरोप धाडायचा तर खाचेइतकी भरवशाची लिपी त्या शास्त्रज्ञांना दुसरी दिसली नाही. यानावर माहिती साठवणारा टेप रेकॉर्डर होता, पण अब्जावधी वर्षांच्या प्रवासासाठी चुंबकीय फितीवर कोण विसंबणार?

त्या रेकॉर्डवर पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठी आहे. नव्वद मिनिटांच्या संगीतात भारताचं एकच गाणं आहे: केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई अल्लादियाँ खाँसाहेबांच्या शिष्या, आणि ध्वनिमुद्रणाबद्दल मनात अढी असलेल्या. आपलं गाणं यंत्रात मावत नाही, ते समोर बसूनच ऐकावं, असा त्यांचा बाणा. व्हॉयेजर-१ नं ५ सप्टेंबर १९७७ ला उड्डाण केलं. १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत गेल्या.

साडेतीन मिनिटं हा आकडा केसरबाईंनी निवडलेला नव्हता, तो तबकडीनं ठरवलेला होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत, बारा इंचीवर चार-साडेचार. ख्याल रंगायला तास लागतो अशा परंपरेवर हे केवढं संकट! १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन आला, तेव्हा गौहर जान यांनी मोठ्या भोंग्यात तोंड घालून गाणं तीन मिनिटांत बसवलं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. मूळ मुद्रा जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन तिथे छापल्या जात. तिथल्या कारागिरांना कुणाची तबकडी कोणती हे समजावं म्हणून ही पद्धत, असं सांगतात.

इथे मर्यादेची दुसरी बाजू दिसते. अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही झिंझोटी किंवा ‘जमुना के तीर’ ही भैरवी ऐका. मिरजेच्या या गवयानं तीन-साडेतीन मिनिटांत रागाचा चेहरा उभा केला आहे. एकही स्वर वाया घालवायला सवड नव्हती. नाटकाच्या रंगमंचावर वन्समोअर घेत घेत लांबणारं पद बालगंधर्वांना तबकडीवर तेवढ्यातच बसवावं लागलं, आणि ते महाराष्ट्रभर गेलं तबकडीवरूनच. मैफल आणि तबकडी यांची बरोबरी होत नाही, हे केसरबाईंचं म्हणणं मला पटतं. तरीही तबकडीनं घातलेल्या कुंपणात एक वेगळी, आटोपशीर गायकी जन्माला आली आणि तिनं पुढच्या पिढ्यांचे कान घडवले, हेही खरं. १९४८ साली कोलंबिया कंपनीनं मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली आणि बाजू बावीस मिनिटांपर्यंत वाढली. ख्यालाला थोडी ऐसपैस जागा झाली, पण कुंपण उरलंच.

ते ऐकणाऱ्यालाही आहे. बाजू संपली की उठावं लागतं. मधलं गाणं वगळायचं तर वाकून, डोळे बारीक करून सुई नेमकी टेकवावी लागते. त्यामुळे कुणी फारसं वगळत नाही. एकामागून एक गाणं ऐकलं जातं, नावडतंही, आणि चौथ्या खेपेला ते आवडू लागतं. फोनवर गाणं बदलायला अंगठ्याची एक हालचाल पुरते, म्हणून पहिल्या दहा सेकंदांत न पटलेलं गाणं आयुष्यातून बाद होतं. सोयीची किंमत इथे मोजावी लागते, आणि तरुण ग्राहकांना ती नेमकी कळली आहे. बावीस मिनिटं एका जागी बसायला भाग पाडणारी वस्तू त्यांनी पैसे देऊन घरी आणली.

सगळ्यांनीच मात्र बसण्यासाठी आणलेली नाही. ल्युमिनेट या संगीत-बाजाराचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेनं २०२३ साली दाखवून दिलं की अमेरिकेत रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्याच लोकांकडे ती वाजवायचं यंत्र आहे. उरलेले निम्मे ती भिंतीला टेकवून ठेवतात, वेष्टणावरचं चित्र पाहतात, नुसती बाळगतात. काही जाणकारांना याचा राग येतो. मला येत नाही. आवडत्या गायिकेचं काहीतरी आपल्या घरात असावं, हातात धरता यावं, कुणाला भेट देता यावं, ही इच्छा जुनी आणि निरोगी आहे. महिन्याच्या भाड्यानं ऐकलेल्या संगीतातून ती पुरी होत नाही.

पण जुनी कला परत आणायची म्हटलं की इच्छेबरोबर कारागीर आणि अवजारंही लागतात, आणि ती सहजी परत येत नाहीत. रेकॉर्ड कशी बनते ते पाहा. लॅकरच्या कोऱ्या तबकडीवर माणकाच्या किंवा नीलमण्याच्या टोकदार अवजारानं खाच कोरतात. खाच कोरणारी यंत्रं बहुतेक जर्मनीच्या नॉयमन कंपनीची, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची. सुटे भाग मिळत नाहीत, जुन्या यंत्रातून काढून लावावे लागतात. कोरलेल्या तबकडीवर चांदीचा पातळ फवारा मारून निकेल चढवतात. निकेलचा पत्रा सोलला की त्यावर खाचेच्या जागी उंचवटे येतात. हा झाला साचा. मग पीव्हीसीचा गरम गोळा दोन साच्यांत ठेवून वाफेच्या उष्णतेनं आणि शंभर टनांच्या दाबानं दाबतात. अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड तयार. सांगायला सोपं आहे. खाच कोरणाऱ्याला मात्र आधीच अंदाज घ्यावा लागतो की पुढच्या वेढ्यात आवाज किती मोठा होणार, कारण दोन वेढे एकमेकांत घुसले तर सगळं फुकट. शिवाय तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते, मध्याजवळ जेमतेम वीस-बावीस सेंटिमीटर. तेवढ्याच आवाजाला कमी जागा मिळते आणि तो आत जाता जाता मळकट होतो. म्हणून गाण्यांचा क्रम लावतानाही दणक्याचं गाणं बाजूच्या शेवटी ठेवायला जाणकार कचरतात. हे शहाणपण पुस्तकातून पूर्ण येत नाही. जाणत्या माणसाशेजारी बसूनच ते शिकावं लागतं, आणि जाणती माणसं म्हातारी झाली होती.

ज्यांनी जुनी यंत्रं भंगारात दिली नाहीत त्यांचं नशीब उघडलं. चेक देशात प्रागजवळच्या लोदेनित्से गावातला जीझेड कारखाना १९५१ पासून रेकॉर्डी छापत होता. पडत्या काळात त्यानं यंत्रं मोडली नाहीत, थोडं थोडं काम चालू ठेवलं. आज तो जगातला सर्वांत मोठा रेकॉर्ड-कारखाना आहे. टोरांटोच्या एका कंपनीनं गेल्या दशकात नवी छापयंत्रं बनवायला घेतली. टेक्निक्सनं १९७२ साली आणलेला एसएल-१२०० हा टर्नटेबल २०१० मध्ये बंद केला होता, २०१६ मध्ये तो पुन्हा बाजारात आणला. बॅनिंगच्या आगीनंतर मात्र कोरी लॅकर मिळवण्यासाठी सगळ्यांना रांग लावावी लागली. कित्येकांनी लॅकर सोडून थेट तांब्याच्या तबकडीवर खाच कोरण्याची ऐंशीच्या दशकातली पद्धत पुन्हा पाहायला घेतली.

भारताचं या सगळ्याशी नातं गाण्यापुरतं नाही, ते तबकडीच्या मालमसाल्यातही आहे. १९४८ पूर्वीच्या बहुतेक सगळ्या रेकॉर्डी लाखेच्या होत्या, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत. छोटा नागपूरच्या पठारावर पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेचा थर चढवतात. आदिवासी कुटुंबं त्या फांद्या तोडून लाख खरवडत, आणि ती जहाजानं युरोप-अमेरिकेला जाई. तिथे तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकड्या बनत. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा आटला, तेव्हा १९४२ साली अमेरिकी सरकारनं लाखेच्या वापरावर बंधन घातलं. मग दुकानांत जुन्या रेकॉर्डी परत घेऊन, वितळवून नव्या काढायची पाळी आली. कितीतरी आवाज त्या कढईत गेले.

आपल्याकडेही पुष्कळ काही गेलं, पण वाचलंही. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही हौशी संग्राहकांची संस्था उभी आहे. डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिच्यासाठी आयुष्याचा मोठा भाग दिला आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचं नियतकालिक चालवलं. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर धूळ खात पडलेल्या ढिगांतून अशाच माणसांनी नाट्यपदं, कीर्तनं, पोवाडे, भाषणं उचलली. काळा घोड्याजवळचं रिदम हाऊस हे संगीताचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा शहर हळहळलं. पण ज्या गाण्यांची शेवटची प्रत एखाद्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, त्यांच्यासाठी हळहळायला कुणी नाही, कारण ती आहेत हेच ठाऊक नाही.

तुमच्या घरी अशी ट्रंक असेल तर काही गोष्टी लगेच करण्याजोग्या आहेत. तबकड्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. लाखेची रेकॉर्ड जड असते पण काचेसारखी ठिसूळ, एका बोटाच्या दाबानंही तिचा टवका उडतो. एलपीची सुई तिच्यावर लावू नका. ७८ ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, बारीक सुई तिच्या तळाशी घासत राहते आणि खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही. चावीचा जुना ग्रामोफोन असेल तर लोखंडी पिन प्रत्येक बाजूला नवी घाला. तबकडीतली दगडाची पूड पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते, आणि दुसऱ्या बाजूला तेच झिजलेलं टोक खाच कापू लागतं. ती पिन एलपीवर तर मुळीच नको. धुवायची झाली तर कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि मऊ फडकं. लेबल कोरडं ठेवायचं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावायचा मोह टाळा, कारण फर्निचरला पॉलिश करणारे लाख ज्यात विरघळवतात ते हेच, आणि खाच तुमच्या डोळ्यांदेखत पुसली जाईल. लेबलवर साल बहुधा छापलेलं नसतं. पण लेबलाच्या कडेला, जिथे खाच संपते त्या गुळगुळीत पट्ट्यावर, एक बारीक क्रमांक उमटवलेला असतो. ध्वनिमुद्रणाचा काळ जाणकार त्यावरूनच ठरवतात. तिरप्या उजेडात तबकडी धरून तो वाचा, वहीत उतरवा, लेबलचा फोटो काढा, आणि मगच पाण्याचं भांडं जवळ घ्या.